बांध कोरड्या बाजूने फुटतो

पूर ओसरला की वणीत एक मागणी हमखास वर येते: बांध उंच करा. निवेदनात तीच, ग्रामसभेत तीच, बसस्टँडसमोरच्या टपरीवरही तीच. मागणारे माझेच लोक आहेत. त्यांच्या घरात छातीभर पाणी शिरून गेलेले आहे, आणि अशा माणसाशी वाद घालू नये एवढी समज मलाही आहे. पण मागणी चुकीची आहे. जशी मागितली तशी ती मंजूर झाली तर पुढचा पूर आजच्यापेक्षा वाईट जाईल. म्हणून हा वाद.

आधी जागा बघू. वणी निर्गुडेच्या काठी वसलेली. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, आणि जुगादजवळ या दोघींचा संगम. पलीकडच्या काठाला वढ्याची यात्रा भरते. मोठी नदी भरली की नाल्याचे पाणी तिच्यात उतरत नाही, उलट नदीच नाल्यात चढते. २०२२ च्या जुलैत तेच झाले. झोला, कोना, रांगणा, भुरकी, शेलू अशा गावांना वेढा पडला, पाटाळ्याच्या पुलावर पाणी चढले आणि वरोऱ्याचा रस्ता तुटला. "पाणी समोरून नाई आलं भाऊ, मांगून आलं," असे एका म्हाताऱ्याने मला तेव्हा सांगितले होते. नदीकडे तोंड करून बांधलेल्या बांधाला या 'मांगून'वर काही उत्तर नसते. पण तो वेगळा मुद्दा. समोरून आलेल्या पाण्याचेच घेऊ, कारण तिथेही 'उंच करा' हे उत्तर टिकत नाही.

मातीकामाची मापे घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या काळात एक पाळ फुटताना जवळून पाहिली. गाव सांगत नाही, काम कोणाचे तेही नाही. पाझर तलाव लहानसा, पाळ दोन पुरुष उंच. सांडव्यात मासे धरायला कोणीतरी काट्या रोवून जाळी लावली होती, तिच्यात पऱ्हाट्या आणि झुडपे येऊन अडकली होती. पाणी तुंबले आणि पाळीच्या माथ्यावर आले. माथ्यावरून गाड्यांची चाकोरी गेली होती. त्या खोलगट जागेतून पाणी पलीकडे उतरू लागले.

पहिली काही मिनिटे काहीच झाले नाही. आम्ही तर म्हटले, निभावले. मग कोरड्या बाजूच्या पायथ्याशी, उतार संपून सपाटी लागते तिथे, घागर मावेल एवढा खळगा पडला. खळग्याच्या वरच्या अंगाला हातभर उभा कडा तयार झाला. पाणी त्या कड्यावरून खाली पडे, कड्याच्या बुडातली माती खाई, वरची ढेप अधांतरी राही आणि तुटून पडे. प्रत्येक ढेपेगणिक कडा वीतभर मागे सरके. तो चालत होता, पायथ्याकडून माथ्याकडे, पाण्याच्या उलट दिशेने. माथ्यापर्यंत यायला त्याला पाऊण तास लागला. माथा कापून तो तलावाच्या अंगाला भिडला आणि मग दहा मिनिटांत बैलगाडी आडवी जाईल एवढे खिंडार पडले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तर खिंडाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याकडचे दगडी पिचिंग जसेच्या तसे होते. एक दगड हललेला नव्हता.

माझा सगळा युक्तिवाद त्या न हललेल्या दगडांवर उभा आहे. आपण बांधाचे चिलखत छातीला बांधतो आणि घाव पाठीवर बसतो. पिचिंग लागते, लाटांसाठी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी माथ्यावरून गेले की मरण कोरड्या उतारावर असते, आणि त्या उतारावर आपण काय ठेवतो? उघडी माती, गुरांच्या वाटा, बेशरमाची झुडपे, आणि एखाद्या वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेली चार झाडे. झाडे बांधावर नकोतच. सावलीत गवत मरते, आणि वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट बांधाचा लचका घेऊन जाते. फोटो मात्र छान येतो.

एक हिशेब करू. माथ्यावरून फूटभर पाणी चालले, तर दर मीटर लांबीतून सेकंदाला पावणेतीनशे लिटरच्या आसपास पाणी उतरते. डिझेलचा दोनशे लिटरचा ड्रम डोळ्यांसमोर आणा. असा जवळजवळ दीड ड्रम, दर सेकंदाला, दर मीटरला. एकास तीनच्या उतारावर त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या घरात जातो. आपल्या उघड्या काळ्या मातीला मीटरभराचा वेगही धड झेपत नाही. त्यात ती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून बांधाच्या पोटात जाते. काळी माती आत हार्टिंगला, म्हणजे गाभ्याला, ठीक आहे, तिच्यावर मुरुमाचे जाड पांघरूण हवे. ते अंदाजपत्रकात असते.

आता उंचीचे बोलू. बांध तीन मीटर उंच, माथा तीन मीटर रुंद आणि दोन्ही उतार एकास दोन असतील, तर दर मीटर लांबीला २७ घनमीटर माती लागते. तोच चार मीटर करायचा तर ४४. उंची एक तृतीयांशाने वाढली आणि माती दीडपटीहून जास्त झाली. शिवाय पाया १५ मीटरचा १९ मीटर करावा लागतो, म्हणजे शेजारच्या शेतात चार मीटर घुसावे लागते. ते भूसंपादन कोण करणार? मग होते ते असे: पाया तोच राहतो, वर टोपी चढते, उतार उभे होतात. उभ्या उतारावर पाणी अधिक वेगाने उतरते, आणि टोपीची माती जुन्या मातीशी नीट जुळलेलीही नसते. जो बांध फूटभर पाणी तासभर सोसला असता तो आता अर्धा तास सोसतो. आणि फुटतो तेव्हा मीटरभर जास्त पाणी घेऊन फुटतो.

तरीही उंचीच का मंजूर होते? कारण उंची टेपने मोजता येते. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर लिहिता येतात, घनमीटरचे बिल निघते. दर थराला पाणी मारून रोलर किती वेळा फिरला हे बिल निघाल्यावर कोणाला दिसत नाही. कोरड्या उतारावर रुजलेल्या हिरवळीला दोन पावसाळे लागतात आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. मी स्वतः अशा पुस्तिका भरल्या आहेत, तेव्हा हा टोला मलाही लागू आहे.

कागदावरची उंची जमिनीवर असतेच असेही नाही. १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवा. अपूर्ण धरणाच्या पोटातून जाणाऱ्या मोरीभोवतीची माती खचली आणि वरचा माथा खाली बसला. उंची होती, पण ती पाण्याला जाऊन भेटली. जवानांनी रात्रभर रेतीची पोती रचली. पोती पाणी लांबवतात, थांबवत नाहीत.

आणि किती उंच? शेतीच्या भागातल्या नदीकाठच्या बांधाचा आराखडा आपल्या मानकाप्रमाणे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुरासाठी करतात, शहरासाठी १०० वर्षांच्या. पंचवीस वर्षांचा पूर ऐकला की वाटते, चला, पंचवीस वर्षे निवांत. गणित तसे नाही. दहा वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता तिनात एक, आणि पंचवीस वर्षांत ६४ टक्के. आराखड्याचा पूरच इतका येण्याजोगा, तर त्याहून मोठा पूर काय कोणाच्या परवानगीने थांबला आहे? पाणी कधी ना कधी वरून जाणार, हे धरूनच बांध बांधायला हवा.

इथे समोरून दोन उत्तरे येतात. एक अगदीच पोरकट. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला होता. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. खेकडे आणि घुशी बांध पोखरतात, हे खरेच आहे. म्हणून तर पावसाळ्याआधी पाळीवरून फिरायचे असते. खेकड्याला नोटीस काढता येत नाही, ज्यांनी फिरायला जायला हवे होते त्यांना काढता येते. आपल्या तालुक्यातल्या बहुतेक पाळींवर तर तेवढेही बंधन नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांचा, गावतळ्यांचा नाही.

दुसरे उत्तर गंभीर आहे आणि चांगल्या अभियंत्यांकडून येते: मातीवरून पाणी गेले की माती टिकत नाही, म्हणून ते जाऊच नये एवढी उंची आणि एवढा सांडवा द्यावा, बाकी सगळी मलमपट्टी. मोरबीचे उदाहरण दिले जाते. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू धरणावर आराखड्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आले, दगडी सांडवा उभा राहिला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. मोठ्या धरणाबाबत हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य. तिथे पाणी वरून जाऊच देता कामा नये. पण वर्धेकाठचा तीन मीटरचा बांध म्हणजे मच्छू नव्हे. लहान बांधाला मोठ्या धरणाचा नियम लावायचा, आणि तो पाळायला पैसे नाहीत म्हणून काहीच करायचे नाही, हा न्याय मला पटत नाही.

वरून पाणी जाऊनही टिकलेले बांधकाम पाहायला परदेशी जायला नको. आपल्या प्रत्येक नाल्यावर सिमेंट नाला बांध आहे. दर पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जाते आणि तो उभा राहतो, कारण पाणी पडते तिथे खाली काँक्रीटची शेज टाकलेली असते. तो हरतो कुठे? बाजूला. तालुक्यात फिरा, असे नमुने दिसतील: मधोमध सिमेंटची भिंत ठणठणीत, आणि नाला तिला वळसा घालून शेजारच्या शेतातून गेलेला. काँक्रीटने काठाच्या मातीला नीट धरले नाही, तिथून पाण्याने वाट काढली. पडणाऱ्या पाण्याखाली काय आहे आणि कडेची माती कोणी धरली आहे, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

परदेशातही हेच शिकायला माणसे मरावी लागली. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कतरिना चक्रीवादळ आले. तिथल्या मातीच्या तटबंद्यांवरून पाणी गेले आणि ज्या ठिकाणी माती हलकी आणि उघडी होती तिथे मागची बाजू खरवडून निघाली. नंतर तिथल्या लष्करी अभियंत्यांनी मागच्या उतारांवर गवत रुजणाऱ्या जाळीच्या चटया टाकल्या. २०१५ च्या सप्टेंबरात जपानमध्ये किनुगावा नदीचा बांध वरून पाणी जाऊन फुटला. मग तिथल्या सरकारने ज्या ठिकाणी बांध पुरेसा उंच करणे लगेच शक्य नाही तिथे दोन कामे काढली: माथ्यावर डांबर आणि मागच्या पायथ्याला काँक्रीटचे ठोकळे. यापलीकडे काही नाही. बांध फुटणारच नाही असा दावा त्यांनी केला नाही. फुटायला वेळ लागेल आणि त्या वेळात गाव रिकामे होईल, एवढेच म्हटले.

आणि गवत. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात मोजमापे झाली, तेव्हा दाट, घट्ट मुळांचे गवत सेकंदाला साडेचार मीटरचा वेग तासभर सोसते, आणि वेग कमी असेल तर कितीतरी तास, असे दिसले. मघाचा साडेतीन मीटरचा आकडा त्याच्यापुढे ठेवा. आपल्याकडे हे गवत विकतही आणायला नको. शेतात जिला आपण शिव्या घालतो, वखराच्या पासेत अडकली की बैल थांबवतो, ती हराळी. कपाशीत ती वैरीण, पण पाळीच्या पाठीवर तिच्यासारखी राखणदार नाही. पायथ्याशी वाळ्याच्या दोन ओळी, उतारावर हराळी, पहिली दोन वर्षे चराईबंदी, आणि पायथ्याच्या सपाटीवर दगडांची शेज, जाळीत बांधलेली. तो घागरीएवढा खळगा जिथे पडतो तिथेच. खळगा पडला नाही तर कडा चालत नाही.

वर्धेचा पूर काही तासांचा नसतो, तो दिवसच्या दिवस मुक्काम करतो, मग गवत काय करणार, असे कोणी विचारील. बरोबर विचारील. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, जी ऐकून लोक चिडतात: पाणी आत घ्या. बांधाला धोका असतो तो बाहेर नदी भरलेली आणि आत जमीन कोरडी, या पहिल्या काही तासांत. आत पाणी चढले की दोन्ही बाजूंचा फरक कमी होतो, पडणाऱ्या पाण्याचा जोर मरतो, आणि मग बांध पूर्ण बुडाला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. म्हणून बांधाचा एक तुकडा मुद्दाम फूट-दोन फूट खाली ठेवायचा, गावापासून दूर, कठीण जमिनीवर, दगडाने पक्का बांधून. नदी चढली की पाणी तिथूनच आणि सावकाश आत येईल. मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांनी वर्धेपलीकडे चंद्रपूरपासून भंडाऱ्यापर्यंत हेच केले. तलाव कुठून वाहायचा ते पाळ घालतानाच ठरलेले असे, सलंग, म्हणजे सांडवा, काढली जाई ती पाळीला सोडून पक्क्या जमिनीवर. तो निर्णय ते पुरावर सोडत नसत.

पीक बुडेल, हा आक्षेप खरा आहे. पण पर्याय काय, ते सरकारच्याच निकषांत लिहिले आहे. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पीक गेले तर हेक्टरी ८,५०० रुपये, शेतात साचलेला गाळ काढायला १८,०००, आणि जमीनच वाहून गेली तर ४७,०००. सावकाश आलेले पाणी सोयाबीन घेऊन जाते आणि गाळ ठेवून जाते. खिंडारातून आलेले पाणी शेताचा थर घेऊन जाते, रेती पसरवते, आणि खिंडाराच्या तोंडाशी विहिरीएवढा डोह करून ठेवते. पीक एका हंगामाचे आणि माती बापजाद्यांची. ज्यांच्या शेतातून पाणी आत घ्यायचे त्यांना वर्षाचे भाडे आधी ठरवून द्यावे, पंचनाम्याच्या रांगेत उभे करू नये. एक मीटर उंचीच्या मातीपेक्षा ते स्वस्त पडेल.

आता कोळसा. वणीच्या पुराबद्दल लिहून खाणींबद्दल गप्प बसणे बरे नाही. उकणी, निलजई, मुंगोली, कोलगाव या भागात खुल्या खाणींच्या मातीचे ढिगारे टेकड्यांसारखे उभे आहेत, आणि त्यांनी नदीचा पूर अडवला हे गावकऱ्यांचे जुने म्हणणे. ढिगारा पूरपात्रात आहे की नाही यावर भांडण्यापेक्षा निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांच्या पुराची, नकाशावरून उतरवून शेतात दगड रोवून दाखवावी. मग ज्याला दिसायचे त्याला दिसेल.

मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. खाणीच्या बांधाला 'पाणी आत घ्या' हा नियम लागू पडत नाही. आत खड्डा आहे, खड्ड्यात माणसे आहेत. झरियाच्या गसलीटांड खाणीत २७ सप्टेंबर १९९५ ला कतरी नदीचे पाणी घुसले आणि ६४ कामगार गेले. म्हणून खाण आपला बांध उंच करणारच, आणि तिने करावाही. पण एका काठाला खाणीने तीन मीटर चढवले आणि दुसऱ्या काठाला गावाने निधी मागून दोन चढवले, की नदी मधल्या पट्टीत आणखी उंच होते आणि दोघांचेही माथे पुन्हा कमी पडतात. या शर्यतीत गाव कधी जिंकणार? एकीकडे डंपर रात्रंदिवस माती टाकतात, दुसरीकडे जिल्हा नियोजनातून दोन वर्षांनी एक हप्ता येतो. बिहारने ही शर्यत धावून पाहिली आहे. १९५४ च्या सुमाराला तिथे नदीबांध होते १६० किलोमीटरच्या घरात आणि पुराच्या तडाख्यातली जमीन २५ लाख हेक्टर; पुढे बांध साडेतीन हजार किलोमीटरकडे गेले आणि ती जमीन झाली ६८ लाखांवर. उंचीच्या शर्यतीत उतरण्यापेक्षा खाणीकडे मागायचे ते जागा आणि दगड. नदीला पसरायला जागा, आणि आमच्या बांधाच्या पाठीला दगड. ढिगाऱ्यांत वालुकाश्म पडलाच आहे. कठीण तेवढा निवडून घेतला तर पायथ्याच्या शेजेला चालेल.

निवेदन पुन्हा लिहायचेच असेल तर त्याआधी एक काम करा. मृगाच्या पंधरा दिवस आधी, सकाळी, तीस मीटरची पाणीनळी घ्या, गवंडी वापरतात ती, आत थोडा गुलाल कालवून. दोन माणसे, दोन काठ्या, एक वही. पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माथ्याची पातळी मोजत जा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका पाळीवर मोजली. अंदाजपत्रकात माथा सरळ रेघेत होता. नळीत गुलालाचे पाणी एका जागी दोन विती वर चढले. म्हणजे माथा तिथे दोन विती खाली. वाकून पाहिले, तर दोन्ही बाजूंना खुरांचे ठसे होते, मधोमध ट्रॅक्टरची चाकोरी, आणि पलीकडच्या उतारावर गुरांनी घासून गुळगुळीत केलेली, गवताची काडी नसलेली, थेट पायथ्यापर्यंत गेलेली वाट.